बाबांचं इंग्लंडचं रजिस्टर

आमच्या घरात देवाच्या फळीखाली एक पुस्तक असायचं आणि त्याला बाबा मॅन्युअल म्हणायचे. ते मॅन्युअल नव्हतं. कुणा अमेरिकन माणसाने इंग्लंडभर हिंडून तिथल्या आगगाड्या, चहा, पाऊस, जुन्या पुस्तकांची दुकानं आणि माणसं यांची यथेच्छ टर उडवत लिहिलेलं ते विनोदी पुस्तक होतं. घरातल्या चौघांपैकी हे फक्त मला कळलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या मोठ्या भावाचं, प्रदीपदादाचं, पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं का, यावर मी इतकी वर्षं डोकं फोडून घेतलं आहे. आता चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, आई-बाबा दोघंही राहिले नाहीत. तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

खुर्सीपारला, स्टील प्लांटच्या बाजूला, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. छत्तीसगढ राज्य नवीनच झालं होतं आणि कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर अजून मध्यप्रदेशच लिहिलेलं होतं. प्लांटचा भोंगा वाजला की आई कुकर चढवायची, दुसरा वाजला की उतरवायची. घड्याळ भिंतीवर होतं, पण ते पाहुण्यांसाठी. मागच्या रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे आणि भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काळपट धूळ बसायची. आई पापड वाळत घालताना वर जुनं लुगडं पसरायची आणि तरी दर वेळी पापड हातात घेऊन फू फू करत प्लांटच्या नावाने बोटं मोडायची. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धान पिकवणारे. त्यामुळे घरात दोन्ही वेळेला भात, लाखोळीची डाळ, आणि रविवारी पाटवडीचा झणझणीत रस्सा. गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि घरात आमची ती भंडाऱ्याची मराठी, अशा तीन भाषा आम्ही दिवसभर फिरवायचो. इंग्रजी मात्र एकट्या बाबांची होती.

बाबा प्लांटात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मजूर, म्हणून लागले होते. हस्ताक्षर फार सुरेख, म्हणून कधीतरी कुणीतरी त्यांना सेफ्टीचे बोर्ड लिहायला बसवलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी तेच केलं. क्या करें, क्या न करें. हिरव्या रंगात करायच्या गोष्टी, लाल रंगात न करायच्या. इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी घेऊन वाचायचं, त्यातलं कामाचं तेवढं काढायचं, आकडे टाकून बोर्डावर उतरवायचं. या कामावर त्यांची देवासारखी श्रद्धा होती. आम्हाला म्हणायचे, मॅन्युअलमधली एकही ओळ कोणी उगाच लिहीत नाही, एकेका ओळीमागे कोणाचा तरी हात नाहीतर पाय गेलेला असतो, तेव्हा समजलं नाही तरी पाळायचं. छापलेल्या इंग्रजी कागदाशी त्यांची ओळख झाली ती अशी. इंग्रजीत कुणी गंमत म्हणूनही लिहीत असेल, हे त्यांच्या आयुष्यात आलंच नव्हतं. घरातसुद्धा गॅसच्या शेगडीमागच्या भिंतीवर त्यांच्या हाताची हिरवी-लाल यादी चिकटवलेली होती आणि आई, न वाचता येणारी, तिला रोज फडक्याने पुसायची.

दादाचं आणि बाबांचं मात्र बिनसलेलं होतं. दादाने डिप्लोमा केला, पण प्लांटच्या भरतीची परीक्षा द्यायला तो गेलाच नाही. त्याला मशीन आवडायच्या, पण बाबांच्या भोंग्यावर उठायचं नव्हतं. तो जवळच्याच रसमड्याच्या एका खासगी कारखान्यात लागला. बाबांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं. दोन वर्षं! एका खोलीत जेवायचे आणि आईमार्फत बोलायचे. ‘त्याले सांग, सायकलले कुलूप लाव.’ ‘त्यायले सांग, लावलं.’ मध्ये आई, हातात भाताचा उलथना घेऊन, एकदा इकडे एकदा तिकडे पाहायची. मी तेव्हा बारावीत होते आणि मला ते घर नको नको व्हायचं. अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे जायचे ती जेवणाच्या वेळेलाच परत यायचे. तोंडातून ब्र न काढता दोघं पुरुष भात कालवायचे आणि बाहेर डबे आदळत राहायचे.

मग रसमड्याच्या मालकाने दादाला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. तिकडे उत्तरेकडच्या एका गावात त्याच्या ओळखीचा कारखाना होता, तिथे दीड वर्ष राहून एक नवीन मशीन शिकून यायची होती. दादाने आईला सांगितलं, आईने बाबांना सांगितलं.  त्या रविवारी बाबा पॉवर हाउस भागातल्या बाजारात गेले आणि दुपारी घामाघूम होऊन रद्दीवाल्याकडून एक पुस्तक घेऊन आले. पुस्तकाला कव्हर नव्हतं. पहिली पंधरा-वीस पानंही नव्हती, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही, काही नाही. पान सुरू होत होतं तेच अर्ध्या वाक्यावर. पण प्रत्येक पानावर इंग्लंड होतं, आणि ‘आमच्या अमेरिकेत’ असं अधूनमधून यायचं, त्यावरून लिहिणारा कोण ते कळत होतं. बाबांनी हात धुतले, डिक्शनरी काढली, कोरं रजिस्टर काढलं आणि चौथ्या दिवशी, दोन वर्षांनी पहिल्यांदा, दादाकडे बघून ते म्हणाले, ‘प्रदीप, बस इथं. बाहेरचा मानूस तिथं जाऊन आला, त्यानं सारं लिहून ठेवलं. तुले कामात येईन.’

आणि दादा बसला. त्या दिवसापासून दोन महिने, बाबांची जनरल शिफ्ट सुटली की चहा घेऊन दोघं रजिस्टर उघडून बसायचे. एक नंबर, कोणी आपल्या पायावर पाय दिला तर आपणच माफी मागावी. दोन नंबर, एकटं असलं तरी रांगेत उभं राहावं. यावर आईने विचारलं की एकट्या माणसाची रांग कशी होते वो, तर बाबांनी विचार करून सांगितलं की सरळ उभं राहायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला समजते. पाच नंबर, जुन्या पुस्तकाच्या दुकानात मालकाला पुस्तक विकत मागू नये, त्याला राग येतो. हे दादाला पटेना. मग दुकानात जाऊन मागायचं काय? बाबांनी पुन्हा पान उघडून पाहिलं. त्या अमेरिकनाने लिहिलं होतं की मी एका पुस्तकाची किंमत विचारली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बायकोची किंमत विचारली. बाबांनी ते आईसमोर वाचायचं टाळलं आणि म्हणाले, कारण लिहिलेलं आहे, पण तू पाळ फक्त. सात नंबर, घरात काहीही संकट आलं तर आधी चहा ठेवावा. अमेरिकन ज्या घरी उतरला होता तिथलं छत कोसळलं तेव्हा घरमालकिणीने चुना केसांतून झटकत केटली ठेवली होती. हा नियम आईला पसंत पडला.

नियम पाठ झाले की रंगीत तालीम व्हायची. बाबा स्वयंपाकघराच्या दारातून येताना दादाला मुद्दाम धक्का द्यायचे आणि दादाने ‘सॉरी’ म्हणायचं. आई भात वाढताना आम्ही तिघं ताटं घेऊन रांगेत उभे. शेजारच्या साहू काकी एकदा ताक मागायला आल्या आणि हे बघून गुपचूप परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला हळूच विचारलं म्हणे की तुमच्या घरी कुठलं व्रत चालू आहे काय. दादा हसायचा, पण करायचा सगळं. त्याला बाबा परत मिळाले होते. बाबा त्याला ‘अरे गड्या’ म्हणायला लागले होते. एकदा मी पाहिलं, बाबांनी रजिस्टरवर वाकलेल्या दादाच्या मानेवरचा डास फुंकरीने उडवला, हाताने मारला नाही.

नऊ नंबरचा नियम बाबांनी लाल शाईत लिहिला होता. अमेरिकन आगगाडीने तीन तासांच्या प्रवासाला निघाला होता. समोर एक इंग्रज बसला होता, वर्तमानपत्र वाचत. तीन तास दोघंही गप्प. उतरायच्या वेळी तो इंग्रज घसा साफ करून म्हणाला, तुम्हाला फारच अडचण होणार नसेल तर, तुमची पेटी माझ्या पायावरून उचलता का. पुढच्याच पानावर शिडीवरून पडलेला एक माणूस होता. त्याचा पाय गुडघ्याखाली उलटा वळलेला, आणि लोकांनी विचारलं कसं काय, तर म्हणाला, नॉट टू बॅड, अगदीच वाईट नाही. बाबांनी यातून काढलं ते असं: तकलीफ सांगू नये. विचारल्यास ‘नॉट टू बॅड’ म्हणावे. तक्रार करणारा मानूस तिथे हलका समजला जातो. हे ते तीन-तीनदा म्हणवून घ्यायचे. आईला हा नियम मुळीच मानवला नाही. ती शेगडीपाशी उभी राहून म्हणाली, ‘पोट दुखलं तं लेकरू मायलेबी सांगत नसन का तिकडं? कावून असे लोक?’ बाबा म्हणाले, मोठा देश उगाच मोठा होत नाही.

मी बारावीनंतर दुर्गच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं आणि इंग्रजी विषय घेतला होता. माझं इंग्रजी काही फार नव्हतं, पण आमच्या मॅडम विनोदी धडे छान वाचून दाखवायच्या, त्यामुळे एखादा माणूस चेहरा न हलवता थट्टा करतो ती कशी ओळखायची हे थोडंफार कळायला लागलं होतं. एका दुपारी घरी कोणी नव्हतं. मी सहज ते पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या पानावरच फिस्सकन हसले. मग वाचतच गेले. काय लिहिलं होतं त्या माणसाने, बाप्पा! स्वतःचीसुद्धा खिल्ली उडवायचा. त्याला इंग्लंड मनापासून आवडत होतं हेही कळत होतं, आवडत्या माणसाची जशी आपण नक्कल करतो तसं त्याचं चाललं होतं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग शेजारी ठेवलेलं रजिस्टर दिसलं. सदतीस नियम झाले होते. वळणदार अक्षर, हिरवी आणि लाल शाई, प्रत्येक नियमासमोर पानाचा आकडा.

मी त्या संध्याकाळी सांगणार होते. अगदी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण बाबा आले, दादा आला, चहा झाला, आणि दोघं डोकं जोडून बसले. आता माझ्याच घरात मी काय म्हणून उभं राहून सांगू की बाबा, तुम्ही दीड महिना ज्याची पूजा करताय ती थट्टा आहे, आणि साऱ्या गल्लीला कळलं तर लोक तुम्हाला हसतील? दादा तर हसलाच असता, पोट धरून हसला असता. आणि बाबांनी रजिस्टर मिटलं असतं. पुन्हा आई उलथना घेऊन मध्ये बसली असती. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, तिकडे उतरला की दोन दिवसांत त्याला स्वतःलाच कळेल. नुकसान काय आहे, चार वेळा जास्त सॉरी म्हणेल इतकंच. अठरा वर्षांच्या पोरीने केलेला हिशोब होता तो, आणि आजही मला तो अगदीच वेडगळ वाटत नाही. हेच तर दुखणं आहे.

दादा गेला. दुर्ग स्टेशनवर आईने त्याच्या हातात तळलेल्या बेसनाच्या ठेठरीचा डबा दिला आणि बाबांनी रजिस्टरची नक्कल, छोट्या वहीत उतरवलेली. गाडी सुटताना बाबांनी खिडकीतून त्याला धक्का दिल्यासारखं केलं, दादा ‘सॉरी’ म्हणाला आणि दोघंही हसले.

दर दुसऱ्या रविवारी दुपारी साहू काकींच्या घरी फोन यायचा. त्या कुंपणावरून हाक मारायच्या, ‘दीदी, लइका के फोन आय हे,’ पोराचा फोन आला, आणि आम्ही तिघं चपला न घालता धावायचो. पहिले काही महिने दादा उत्साहात होता. त्याला वही खोटी वाटली नाही, उलट दर वेळी तो म्हणायचा, बाबा, अगदी तसंच आहे इथं. रांगा आहेत, चहा आहे, कारखान्यात कोणी कोणाला दुखलं-खुपलं विचारत नाही, विचारलं तरी उत्तराला थांबत नाही. माझा हिशोब चुकला तो इथे. त्या अमेरिकनाने खोटं लिहिलंच नव्हतं. खरं होतं तेच त्याने वाढवून लिहिलं होतं, आणि कुठून वाढवलं आहे ते नवख्या माणसाला कसं कळणार? आज मी शाळेत इंग्रजी शिकवते, मुलांना सांगते की विनोदात अतिशयोक्ती असते. फळ्यावर लिहूनही देते. मुलं उतरवून घेतात.

थंडी पडली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. आईलाच ते आधी जाणवलं. फोनवर ती त्याला जेवणाचं विचारायची, आणि एका रविवारी घरी येऊन म्हणाली की हा खात नाही, याच्या बोलण्यात भूक नाही. बाबा म्हणाले, थंडी असन. पुढच्या वेळी दादा बाबांशी बोलताना सांगून गेला की पोटात उजवीकडे थोडंसं दुखते. थोडंसं. बाबांनी फोनवर हात ठेवून आम्हाला कौतुकाने सांगितलं, पाहा, कसा बोलते, एकदम तिथल्यासारखा झाला. आईने त्यांच्या हातातून रिसीव्हर जवळजवळ ओढला आणि माझ्या हातात दिला. मी बोलावं, कारण मी शिकलेली.

तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. मी विचारलं, दादा, डॉक्टरकडे गेला का? तो म्हणाला, ‘गेलो होतो ना. त्यानं विचारलं, कसं वाटून राहिलं? मी म्हटलं, नॉट टू बॅड. तो हसला, गोळ्या लिहून देल्ल्या. टेन्शन नोको घेऊ.’ मी म्हटलं, जास्त दुखतंय का?  तो म्हणाला, वैशू, जमते. माझ्या खांद्याला खांदा लावून बाबा उभे होते, कान पुढे करून. मला त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की दादा, ते पुस्तक गंमत आहे, तू जा आणि ओरड, मोठ्याने ओरड, जमिनीवर लोळ. पंधरा शब्द सुद्धा झाले नसते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पोराचा अभिमान असा भरून आला होता, आणि मी म्हटलं, ‘बरं, गोळ्या घेजो बरोबर.’ आणि रिसीव्हर आईला दिला. आई नुसती ‘बाबू, बाबू’ म्हणत राहिली.

अपेंडिक्स होतं. पोटातल्या पोटात फुटलं. रसमड्याचे मालक गुरुवारी सकाळी स्वतः गाडी घेऊन आले, आणि गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून कोपऱ्यावर उतरून चालत आले. ते दारात उभे राहून हिंदीत काहीतरी सांगत होते आणि बाबा त्यांना बसा, बसा म्हणत होते. आईला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, धान पसरलं, आणि ती त्यातच बसली.  दादाला यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत आमच्या घरी चूल पेटली नाही, साहू काकी आणि गल्लीतल्या बाया भात आणून ठेवायच्या आणि तसाच उचलून न्यायच्या.

त्याच्या सामानाबरोबर त्याच्या तिकडच्या घरमालकिणीचं पत्र आलं. बाबांनी ते मला वाचायला दिलं, कारण त्यांच्या हाताला डिक्शनरी धरवत नव्हती. म्हाताऱ्या बाईचं थरथरतं अक्षर होतं. तिने लिहिलं होतं की तुमचा मुलगा फार सभ्य होता, इतका शांत भाडेकरू मला कधी मिळाला नाही. शेवटचे दोन दिवस तो खोलीतच होता. मी चहा नेऊन देत होते, विचारत होते, तो दर वेळी बरं आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी चहा तसाच राहिला तेव्हा मी माणसं बोलावली. त्याने सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बोलावली असती, याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल. मी ते शेवटचं वाक्य आधी मनात वाचलं आणि मग बाबांना मराठीत वाचून दाखवलं नाही. सभ्य होता, शांत होता, इथपर्यंतच सांगितलं. बाबा म्हणाले, हो, होताच तो.

दहावं शिवनाथ नदीच्या काठावर झालं. बापाने मुलाचं करायचं. बाबांचं मुंडण झालं तेव्हा त्यांचं डोकं इतकं लहान दिसलं की मला बघवेना. संध्याकाळी घरी लोक बसायला येत होते. पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बाया आत आईपाशी.  स्मृती नगरहून एक देशकर म्हणून साहेब आले होते. प्लांटातून निवृत्त झालेले अधिकारी, नागपूरचे, बाबांचं अक्षर त्यांना फार आवडायचं. नोकरीत असताना कधीतरी वर्षभर इंग्लंडला राहून आलेले. बाबा आत पाणी प्यायला गेले होते. देशकर साहेब देवाच्या फळीजवळ बसले होते, आणि माणूस अवघडून बसला की हाताला लागेल ते चाळतो, तसं त्यांनी ते पुस्तक उचललं. मी दारात उभी होते. त्यांनी एक पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं, आणि मग ते हसले. चांगलं खदखदून, खांदे हलवून हसले. मरणाच्या घरात, वीस माणसांच्या मध्ये.

साऱ्यांच्या माना वळल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि हात जोडले. बाबा तोवर दारात आले होते, पेला हातात तसाच. साहेब उठून त्यांच्यापाशी गेले आणि पुन्हा पुन्हा माफी मागत म्हणाले, ‘माझं चुकलं हो. मला भानच राहिलं नाही. फारच विनोदी पुस्तक आहे, वाचता वाचता हसू आवरत नाही माणसाला. चुकलंच माझं.’ बाबा म्हणाले, नाही, नाही, असू द्या साहेब. त्यांनी साहेबांना कोपऱ्यापर्यंत पोचवलंसुद्धा. परत येऊन ते सतरंजीवर बसले आणि सगळे लोक जाईपर्यंत भिंतीकडे बघत राहिले.

लोक गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं, पेटीच्या गोष्टीचं पान. त्यांनी ते माझ्याकडे केलं. म्हणाले, ‘वैशू, तू इंग्लिश शिकून राहिली. खरं सांग. हे हसाचं पुस्तक हाये काय?’

मी पुस्तक हातात घेतलं. आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. बाबांचा तो लहानसा टकला माथा माझ्यासमोर वाकलेला. मी वाचल्यासारखं केलं, बराच वेळ, आणि म्हटलं, ‘असन बाबा. साहेब म्हणतात तं असन. मलेबी नाही समजलं.’

‘तुलेबी नाही समजलं?’

‘नाही.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या पोरीला समजलं नाही, तर बोर्ड लिहिणाऱ्या खलाशाला कसं समजावं? मी त्यांना उभं राहायला जागा दिली होती, आणि ते त्या जागेवर पुढची अठरा वर्षं उभे राहिले. रजिस्टर त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिवनाथेत सोडलं. पुस्तकाचं काय केलं ते मी विचारलं नाही. बोर्ड लिहिणं त्यांनी सोडलं, प्लांटातल्या साहेबांना सांगून पुन्हा खलाशाचं काम मागून घेतलं आणि तिथूनच निवृत्त झाले. आई त्यांच्या आधी पाच वर्षं गेली. तिने त्या पुस्तकाचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि बाबांशी बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा कधी झाला नाही. मग मी बाबांना माझ्याकडे, स्मृती नगरला, घेऊन आले.

इथे कोणी नवीन माणूस आला की अर्ध्या तासात बाबा दादापाशी यायचे. माझ्या शाळेतल्या बाया, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, एकदा तर गॅसवाला. सगळं सांगायचे, एकही गोष्ट न लपवता: रद्दीतलं पुस्तक, सदतीस नियम, फोन, साहेबांचं हसणं. ऐकणारा चुळबुळ करायला लागला की ते मला हाक मारायचे. मी हात पुसत बाहेर यायचे. ते माझ्याकडे बोट करून म्हणायचे, हे इंग्लिश शिकवते शाळेत, इलेबी तेव्हा नाही समजलं. ‘इले माहीत असतं तं इनं सांगतलंच असतं ना. भाऊ होता तिचा.’ आणि मग माझ्याकडे बघायचे, उत्तरासाठी.

मी दर वेळी हो म्हटलं.